ताशी साठला नेमके काय थरथरते

प्रश्न असा होता: माझ्या धाकट्या भावाची जीप ताशी साठ किलोमीटरच्या वेगाला थरथरते, ती जीपमधील दोषामुळे की भावाच्या हातांमुळे? त्याचे उत्तर शोधण्यासाठी मी सांगलीहून बेंगळुरूला गेले आणि बारा दिवसांनी परतले. बेंगळुरूला गेलेले लोक तेथील बागा आणि राजवाडे पाहतात. माझा बहुतेक वेळ एका जीपच्या आत किंवा आसपास गेला. ज्यांना बागांची माहिती हवी असेल, त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी विचारावे.

खरे सांगायचे तर मला उत्तर शोधायला बोलावलेच नव्हते. माझी भाची ईशा हिच्या मते उत्तर आधीच सापडले होते. तिचा फोन आला तो असा: "आत्या, बाबा फक्त तुझं ऐकतात. तू येऊन सांग, की आता बास. जीप विकायची." मी चौतीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. उत्तर आधी लिहून मग प्रयोग करणारे विद्यार्थी माझ्या चांगल्या परिचयाचे आहेत. मी तिला "येते" एवढेच म्हटले.

हेब्बाळ, सोमवार

मनोहर माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. एका सरकारी कारखान्यात अभियंता म्हणून तो आयुष्यभर बेंगळुरूत राहिला आणि निवृत्त झाल्यावर त्याने ही चारही चाकांना ताकद देणारी जीप घेतली. दर रविवारी समवयस्क मित्रांबरोबर तो डोंगरातल्या दगडधोंड्यांच्या वाटांवर जाई. सहा महिन्यांपासून गुडघा दुखतो असे सांगून त्याने जाणे थांबवले होते. मी पोहोचले तेव्हा तो तिसऱ्या मजल्यावरून पायऱ्या उतरून माझी बॅग घ्यायला आला आणि ती घेऊन पायऱ्यांनीच वर गेला. गुडघ्याची नोंद मी तिथेच खोडली.

घरात माझी भावजय सुलभा हिने कॉफी केली. आमच्याकडे चहाचा कप भरून दिला नाही तर पाहुण्याला राग येतो. इथे कॉफी पितळी पेल्यात येते, खाली खोलगट वाटी असते, आणि पेला काठोकाठ भरणे हा शिष्टाचार आहे. सुलभाने माझा पेला काठोकाठ भरला, स्वतःचाही भरला आणि मनोहरचा अर्धा भरला. मी ते लक्षात ठेवले.

संध्याकाळी आम्ही दोघे खाली वाहनतळावर जीपजवळ गेलो. किल्ली नव्हती, दोन्ही किल्ल्या ईशाने मागच्या आठवड्यात नेल्या होत्या. रविवारी एक गृहस्थ जीप पाहायला येणार होते आणि पसंत पडली तर घेऊनच जाणार होते.

"लक्षणं सांग," मी म्हणाले. "क्रमाने."

मनोहर वर्गात उभा राहिल्यासारखा उभा राहिला. "पन्नासपर्यंत काही नाही. पंचावन्न ते साठच्या दरम्यान रस्त्यात सांधा किंवा खड्डा आला, आणि डावं चाक त्यावर गेलं, की स्टिअरिंग हातात थडथडायला लागतं. नुसतं थरथरत नाही, अख्खी जीप पुढून नाचते. तिशीपर्यंत वेग उतरवला की थांबतं."

"दर वेळी?"

"नाही. दहातून चारदा."

"उपाय काय केलेस?"

त्याने खिशातून वही काढली. चाकांचा तोल तपासला. चाकांची दिशा जुळवली. स्टिअरिंगचा थरकाप शोषणारा नळकांड्यासारखा डॅम्पर नवा बसवला. त्यानंतर तीन आठवडे बरे गेले आणि मग पुन्हा सुरू झाले. डॅम्परने दोष बरा केला नव्हता, झाकला होता. तीन वेगवेगळ्या ठिकाणी जीप यांत्रिक उचलणीवर चढवून खालचा प्रत्येक सांधा हलवून पाहिला गेला. तिन्ही ठिकाणी सगळे घट्ट होते.

"मग ते काय म्हणाले?"

"दोघं काही म्हणाले नाहीत. तिसरा माझ्या हातांकडे बघत होता." मनोहरने वही मिटली. "मी सही करत होतो तेव्हा."

मी त्याच्या हातांकडे पाहिले नाही. पाहायचेच असेल तर आधी सांगून पाहावे, अशी माझी शिस्त आहे.

तो स्वतः जीपखाली शिरला नव्हता का, असे वाचकांना वाटेल. शिरला होता. फोन जमिनीवर ठेवून, आपण आत बसून स्टिअरिंग फिरवून, त्याने चित्रीकरणही केले होते. बारा मिनिटांच्या त्या चित्रफितीत चाकाजवळचा एक सांधा आणि झोपलेले एक मांजर दिसते. दोन्ही स्थिर आहेत.

मारतहळ्ळी, बुधवार

ईशाचे घर मारतहळ्ळीला, तिच्या कार्यालयाच्या जवळ आहे. जवळ म्हणजे गॅलरीतून दिसते. पोहोचायला तिला पाऊण तास लागतो. तिने मला जेवायला बोलावले होते आणि जेवण बाहेरून मागवले होते. आमच्याकडे पाहुण्याला बाहेरचे जेवण देणे म्हणजे तुमचे येणे अडचणीचे झाले असे सुचवणे. इथे तो पाहुणचार समजतात. मी मनातल्या मनात रीत बदलून घेतली आणि जेवले; पुलाव चांगला होता.

"आत्या, मी स्वतः बाजूला बसले होते," ती म्हणाली. "एअरपोर्ट रोडवर गाडी एकदम लेन सोडून गेली. मागून बस येत होती. आणि बाबांचे हात असे…" तिने दोन्ही हात पुढे करून हलवून दाखवले. "ते म्हणतात स्टिअरिंग हात हलवतं. मला दिसलं की हात स्टिअरिंग हलवतायत."

"दोन्हींत फरक कसा केलास?"

"म्हणजे?"

"हात आणि स्टिअरिंग एकमेकांना धरून आहेत. दोन्ही हलले. आधी कोण हलले, हे नुसते पाहून कसे कळले?"

तिने लिंबू पिळले आणि साल बाजूला ठेवली. "आत्या, हे सायन्स प्रोजेक्ट नाहीये. त्यांना काही झालं तर?"

"म्हणूनच. हातात दोष असेल आणि आपण जीप विकली, तर उद्या बाबा तुझी गाडी चालवतील. मग काय साधले?"

मी तिला रीत सांगितली. दोन गोष्टींवर संशय असेल तर एक तीच ठेवून दुसरी बदलावी. मनोहरने तिची छोटी गाडी चालवायची, तिने जीप चालवायची. रस्ता तोच, वेग तोच.

"मी जीप कधीच चालवलेली नाही."

"उत्तम. म्हणजे तुला सवयही नाही आणि पूर्वग्रहही नाही."

"पूर्वग्रह भरपूर आहे," ती म्हणाली. पण शुक्रवारी सकाळची सुटी तिने टाकली.

देवनहळ्ळीच्या पुढे, शुक्रवार

नंदीच्या डोंगराकडे जाणारा एक बाजूचा रस्ता मनोहरने निवडला. सकाळी तिथे वाहने नसतात. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव आहेत. मी तासगावकडची, त्यामुळे ते पाहून मला घरी आल्यासारखे वाटले, फक्त इथली माती लालभडक आहे. रस्त्यावर एका मोरीचा सांधा वर आलेला होता. तोच आमचा प्रयोगाचा बिंदू. निरीक्षक म्हणून मी दोन्ही वाहनांत बसणार होते. वही, पेन्सिल आणि सांगलीहून नेलेल्या भडंगाचा डबा माझ्याजवळ होता.

प्रथम मनोहर, ईशाच्या गाडीत. मोरीवरून साठच्या वेगाने सहा वेळा गेला. गाडी सरळ गेली. मी त्याला सांगून त्याच्या हातांकडे पाहिले. ते स्टिअरिंगवर नीट होते.

मग ईशा, जीपमध्ये. मनोहर रस्त्याच्या कडेला उभा राहिला. पहिल्यांदा काही झाले नाही. दुसऱ्यांदाही नाही. ईशाने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात विजय नव्हता, हे मी तिच्या बाजूने नोंदवते. तिसऱ्यांदा डावे चाक सांध्यावर गेले आणि जीपच्या पुढच्या भागाने जमिनीशी भांडण काढले. स्टिअरिंग तिच्या हातांत इतक्या वेगाने डावे-उजवे होत होते की बोटे दिसत नव्हती. डब्याचे झाकण उडाले आणि भडंग सर्वत्र गेले.

"वेग कमी कर. ब्रेक हळू," मी म्हणाले. तिने केले. तिशीला सगळे शांत झाले. तिने जीप कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. ते थरथरत होते. वय बत्तीस.

मनोहर चालत आला. ईशाने काच खाली केली.

"बाबा, हे असं होतं?"

"हो."

"सहा महिने?"

"हो."

"आणि तुम्ही एकटेच ही घेऊन गॅरेजं फिरत होतात?"

"तुम्हाला कशाला त्रास."

ईशाने केसांतून बोटे फिरवली. मग म्हणाली, "आत्या, माझ्या केसांत शेंगदाणे आहेत."

परतताना एका उपाहारगृहात थट्टे इडली खाल्ली. ही ताटलीएवढी असते आणि एक पुरे. कॉफीच्या वेळी ईशाने 'बाय-टू' सांगितले. या शहरात एक कॉफी मागवून ती दोन छोट्या पेल्यांत दोघांनी घेण्याची रीत आहे. वाढणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही. आमच्याकडे असे मागितले तर घरी सगळे ठीक आहे ना, असे विचारतील. मनोहर आणि सुलभा लग्नानंतर पहिली कॉफी बाय-टू प्यायले होते, असे सुलभाने मला पूर्वी सांगितले होते. आज वाढणाऱ्याने एक पेला ईशासमोर ठेवला आणि दुसरा मनोहरकडे सरकवला.

"मला नको," तो म्हणाला. "तू घे, ताई."

छोटा पेला काठोकाठ भरलेला होता.

बोम्मसंद्रा, शनिवार

मनोहर, ईशा आणि मी यांनी हेब्बाळहून बोम्मसंद्र्यापर्यंत काढलेल्या अडीच तासांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. त्यात साठचा वेग एकदाही आला नाही, त्यामुळे जीप उत्कृष्ट चालली.

नागोजीराव यांचे नाव मनोहरच्या रविवारच्या मित्रांनी सांगितले होते. यंत्रांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांमागे पत्र्याच्या छपराखाली त्यांचे काम चालते. त्यांचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि इथलेच झाले. घरात ते मराठी बोलतात, पण त्या मराठीला कन्नड हेल आहे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. उंचीने लहान, केस पांढरे, आणि कपाळावर ग्रीसची एक रेघ, जी मला सुरुवातीला गंध वाटली.

"बसा अक्का. स्वल्प कॉफी घेऊ. गाडी कुठं पळून जात नाही."

मनोहरने वही उघडून वाचली. अण्णांनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग विचारले, "सर, तपासताना आत कोण बसलं?"

"मी."

"खाली कोण बघितलं?"

"मीच. आधी हे, मग ते."

अण्णांनी ईशाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "दोन्हीकडं तुम्हीच? सर, देवाला पण चार हात लागतात. हे बाय-टू काम आहे."

"गॅरेजमध्ये तर माणसं होती," मनोहर म्हणाला. "त्यांनी वर उचलून बघितली."

"उचलली, तिथंच चुकलं. आम्ही उचलणार नाही."

याचे कारण मी नंतर विचारून घेतले, ते इथेच सांगते. या जीपची पुढची दोन्ही चाके एका आडव्या अक्षाला जोडलेली असतात आणि तो अक्ष स्प्रिंगांवर वजन पेलतो. स्प्रिंग वर-खाली होऊ देते. पण अक्ष डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक तिरका दांडा असतो. त्याचे एक टोक अक्षाला, दुसरे जीपच्या सांगाड्याला. जीप उचलली की अक्ष खाली लोंबतो आणि तो दांडा एका बाजूला ताणला जातो. ताणलेला सांधा घट्टच लागणार. वर्गातल्या बाकाचा एक पाय ढिला असेल, तर बाक उचलून पाहिल्यावर तो कळत नाही. मुले बसली की कळतो.

अण्णांनी जीप सपाट जमिनीवर घेतली, मागच्या चाकांना दगड लावले, गिअर काढला, हाताचा ब्रेक ओढला आणि इंजिन सुरू ठेवले. मग म्हणाले, "आत कोण बसतंय?"

ईशा पुढे झाली. मनोहर म्हणाला, "ताई बसेल."

मी आयुष्यात फक्त स्कूटर चालवली आहे. तरीही बसले. अण्णा डाव्या बाजूने खाली सरकले, मनोहर उजव्या बाजूने. मला दिसत होते ते मनोहरचे पायमोजे. ते वेगवेगळ्या रंगांचे होते.

"अक्का, फक्त इतकं," खालून आवाज आला. "घड्याळाचे दहा, मग दोन. पटापट. डावं. उजवं. डावं."

मी तसे केले. ईशा बाजूला वाकून विजेरी धरून होती.

"चाकाजवळचे सांधे सरी आहेत, घट्ट आहेत. चालू द्या, अक्का. डावं. उजवं."

मी चालू दिले. मग मनोहरचे पाय एकदम स्थिर झाले.

"थांब, ताई." थोड्या वेळाने: "पुन्हा."

मी पुन्हा केले.

"अण्णा, वरच्या टोकाला. बोल्ट बघा."

"बघतोय."

"दांडा हलत नाही. बोल्ट हलतोय. भोकातच हलतोय."

"अंड्यासारखं झालंय भोक," अण्णा म्हणाले. "बोल्ट घट्ट, रबर बरं, भोकच मोठं. दगडांवर नाचवलं असेल जीपला, सर."

मनोहर बाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीला माती लागली होती आणि चष्मा कपाळावर होता. तो ईशासमोर उभा राहिला. तिने त्याच्या शर्टाची माती झटकली.

नागोजीराव तेवढ्यावर थांबले नाहीत, हे मला विशेष आवडले. एक दोष सापडला म्हणून दुसरा नसतो असे नाही. त्यांनी मग एकेक चाक जॅकवर उचलले आणि वर-खाली धरून हलवून पाहिले. चाकाचे बेअरिंग आणि वळणाचे सांधे असे उचलूनच तपासतात. ते ठीक निघाले. शेवटी त्यांनी स्टिअरिंगच्या पेटीवरचा एक स्क्रू पाहिला.

"हा कोणी आवळला?"

मनोहरने वही पाहिली नाही. "मी. तीनदा, अष्टमांश फेरा. ढिलेपणा वाटत होता म्हणून."

"सर, तुम्ही इंजिनिअर?"

"छत्तीस वर्षं."

"मग बरोबर," अण्णा म्हणाले आणि स्क्रू सोडून जागेवर आणला. त्यानंतर त्यांनी पुढच्या आसनाखालून मूठभर शेंगदाणे काढून माझ्यासमोर धरले. "अक्का, हा पार्ट आमच्याकडं मिळत नाही."

भोक भरून पुन्हा नेमके पाडण्यासाठी शेजारच्या लेथवर काम द्यावे लागणार होते. जीप मंगळवारपर्यंत तिथेच राहणार होती. ईशा फोन हातात घेऊन उभी होती. "उद्याच्या माणसाला काय सांगू?"

"खरं सांग," मनोहर म्हणाला. "भोक अंडाकृती आहे."

तिने फोनवर "सॉरी, विकायची नाही" असे सांगितले आणि पिशवीतून दुसरी किल्ली काढून त्याच्या हातात दिली.

पुन्हा तोच रस्ता, मंगळवार

मोरीवरून साठच्या वेगाने मनोहर दहा वेळा गेला, ईशा पाच वेळा. जीप सरळ गेली. भडंगाचा डबा मी या वेळी मांडीवर उघडा ठेवला होता. एकही दाणा सांडला नाही. प्रयोग पूर्ण झाला, असे मी वहीत लिहिले.

वही मिटताना मला एक चूक दिसली, आणि ती माझी होती. जीपचा दोष सिद्ध झाला म्हणजे हातांचा निर्दोषपणा सिद्ध झाला, असे होत नाही. गाडी चालवताना हात स्थिर होते, इतकेच मी पाहिले होते. द्राक्षांच्या मांडवाजवळ आम्ही थांबलो होतो. सुलभाही या वेळी बरोबर होती. तिने थर्मासमधून कॉफी ओतली. मनोहरचा पेला नेहमीप्रमाणे अर्धा. त्याने तो वाटीसकट उचलला. पेला वाटीवर हलकेच वाजत होता. इंजिन बंद होते, जीप उभी होती.

"मनोहर, मी बघते आहे," मी म्हणाले.

"बघ." त्याने पेला खाली ठेवला नाही. "ते वेगळं आहे, ताई. हे स्टिअरिंगच्या आधीपासून आहे. गाडी धरली की होत नाही. पेला धरला की होतं. तिसऱ्या गॅरेजनंतर मलाच कळेना, कुठलं कशामुळं."

ईशाने डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेऊन ठेवली होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होते. तो जाणार नाही, हेही.

"एकटा जाऊन काही सापडत नाही, असं दिसतंय," मनोहर म्हणाला. तो सुलभाकडे पाहत होता. "तू येशील? मी हलवून दाखवतो. तू काय बघितलंस ते सांग त्यांना."

सुलभाने थर्मासचे झाकण लावले. "अहो, सहा महिने अर्धाच पेला भरतेय मी. तुम्ही कधी विचारताय, याची वाट बघत होते."

गुरुवारी ते दोघे गेले. डॉक्टर काय म्हणाले, हा त्यांचा खासगी विषय आहे. मी एवढेच सांगू शकते की वाहन चालवायला मनाई झाली नाही, काही महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगितले आहे, आणि रविवारच्या मित्रांना गुडघा बरा झाल्याचे कळवले आहे. परतताना त्यांनी एका उपाहारगृहात बाय-टू कॉफी घेतली, असे सुलभाने मला सांगितले.

वाचकांना माझी विनंती आहे की माझ्या सांगण्यावर विसंबू नये. तुमची जीप ठरावीक वेगाला थरथरत असेल, तर सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा, वजन चाकांवरच राहू द्या. एकाने आत बसून स्टिअरिंग थोडे थोडे डावे-उजवे करावे, दुसऱ्याने खाली वाकून प्रत्येक सांधा पाहावा. हा दुसरा माणूस आधी बोलवावा. मग काय हलते, ते स्वतः तपासून घ्या.